दुहेरी रूळ आणि मधली स्थानके

सोलापूर स्थानकातून सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी वंदे भारत एक्स्प्रेस सुटते आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचते. ४५५ किलोमीटरचे अंतर साडेसहा तासांत कापणारी ही गाडी १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. ज्या शहराने दीर्घकाळ एकेरी मार्गाचे क्रॉसिंग आणि त्यातून होणारा विलंब सोसला, त्या शहराने तिचे कौतुकाने स्वागत करावे, हे स्वाभाविकच होते. परंतु याच मार्गावर मोहोळ आहे, माढा आहे, जेऊर आहे. या गावांच्या फलाटांसमोरून ही गाडी आठवड्यातील सहा दिवस न थांबता निघून जाते. सुरू झाली तेव्हा तिचे थांबे कुर्डुवाडी, पुणे, कल्याण आणि दादर एवढेच होते.

यात गाडीचा दोष नाही. जलद गाडी जलद राहावयाची तर तिने थोड्याच ठिकाणी थांबले पाहिजे. प्रश्न निराळा आहे. सोलापूर–पुणे मार्ग दुहेरी झाला, विजेवर आला, नव्या गाड्या मिळाल्या. या वाढीव क्षमतेचा लाभ कोणाच्या खात्यावर जमा झाला आणि कोणाच्या खात्यावर खर्च पडला, हे व्यापारी कुटुंबांनी एकदा शांतपणे पाहिले पाहिजे. कारण ज्या मोहोळ, माढा, बार्शी, कुर्डुवाडी, दुधनीत समाजाच्या पेढ्या आणि दुकाने तीन-तीन, चार-चार पिढ्या चालत आली, त्या गावांचे पुढील वीस वर्षांचे भवितव्य या हिशेबाशी निगडित आहे.

रुळांनी घडविलेली बाजारपेठ

मुंबई–ठाणे मार्गावर १८५३ मध्ये पहिली गाडी धावली आणि अवघ्या सात वर्षांत, १८६० मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ सोलापुरास येऊन पोहोचले. त्या वेळी बोरघाटाचे काम पुरे झाले नव्हते. ते १८६३ मध्ये झाले, आणि तेव्हापासून सोलापूरचा माल सलग मुंबई बंदरापर्यंत जाऊ लागला. ही वेळही मोक्याची होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि हिंदुस्थानच्या कापसास एकाएकी भाव आला होता. १८७१ मध्ये हाच मार्ग रायचूरपर्यंत जाऊन मद्रासकडील रेल्वेला मिळाला. पुढे १८७७ मध्ये सोलापुरात जुनी मिल सुरू झाली आणि धान्य-कापसाच्या बाजारपेठेचे रूपांतर हळूहळू गिरणगावात झाले. आज चाटी गल्लीत कापडाचे जे ठोक व्यवहार चालतात, सोलापुरी चादर आणि टॉवेल यांचा जो लौकिक आहे, त्याच्या मुळाशी हे रूळ आहेत.

बार्शीचा इतिहास याहून अधिक बोधप्रद आहे. मराठवाड्यातील कापूस आणि धान्य यांची ती मोठी पेठ; परंतु मुख्य मार्ग तिच्यापासून सुमारे २१ मैल दूरवरून गेला. कुर्डुवाडी स्थानकाला तेव्हा ‘बार्शी रोड’ म्हणत असत. नाव बार्शीचे, पण गाडी धरण्यासाठी माल बैलगाडीने आणावा लागे. ही उणीव १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेने भरून काढली. अडीच फूट रुंदीच्या त्या अरुंद मार्गावरील छोटी गाडी १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस जाऊन पोहोचली. मुख्य मार्ग जवळून जाणे पुरेसे नसते, गाडी आपल्या दारी थांबावी लागते, हा धडा बार्शीच्या व्यापाऱ्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच घेतला होता.

याच बार्शी लाइट रेल्वेशी समाजाच्या इतिहासातील एक अभिमानाचे पान जोडलेले आहे. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी घरच्या पेढीची चाकोरी सोडून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेण्यास आरंभ केला. बार्शी लाइट रेल्वेचे काम हे त्यांचे आरंभीचे काम होते. पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत त्यांची मजल गेली. जहाज, विमान आणि मोटार यांच्या उद्योगांत ज्यांचे नाव देशभर झाले, त्यांनी उद्योगाचा श्रीगणेशा गावोगाव रूळ टाकण्यापासून केला, हे विसरता येत नाही.

एका दिवसाचा हिशेब

व्यापाऱ्याच्या दृष्टीने गाडीची किंमत तिच्या वेगावर ठरत नाही. सकाळी निघून, काम उरकून, रात्री घरी परतता येते की नाही, यावर ती ठरते.

पूर्वी सोलापूरच्या कापड व्यापाऱ्याची मुंबईची फेरी ठरलेली असे. रात्रीच्या गाडीने निघावयाचे, सकाळी सी. पी. टँकजवळील हिराबागेसारख्या धर्मशाळेत स्नान आणि मंदिरात दर्शन, दिवसभर मुळजी जेठा आणि मंगलदास मार्केटमध्ये खरेदी, सूर्यास्तापूर्वी भोजन, आणि पुन्हा रात्रीची गाडी. दोन रात्री गाडीत जात, पण दुकानाचा एकच दिवस बुडे. आजही सिद्धेश्वर एक्स्प्रेस याच पद्धतीने सोलापूर आणि मुंबई जोडते आणि तिच्यावरील गर्दी हेच सांगते की ही सोय अजून कालबाह्य झालेली नाही.

वंदे भारतचे वेळापत्रक या कसोटीवर तपासले म्हणजे एक गमतीची गोष्ट दिसते. सोलापूरचा प्रवासी साडेबाराला मुंबईत उतरतो आणि परतीची गाडी चार वाजून पाच मिनिटांनी सुटते. मधल्या साडेतीन तासांत स्थानकातून बाजारात जाणे, चार दुकाने पाहणे आणि परत येणे कठीणच. म्हणजे त्याच दिवशी परतण्यासाठी ही गाडी सोलापूरकरांना मुंबईची नव्हे, तर पुण्याची आहे. सकाळी सव्वानऊच्या सुमारास पुणे, सायंकाळी सातनंतर पुण्याहून परत, आणि रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी सोलापूर. मधले जवळजवळ दहा तास हाताशी राहतात.

पुण्याची हीच सोय हुतात्मा एक्स्प्रेसने या शतकाच्या आरंभी प्रथम करून दिली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांचे स्मरण त्या नावात आहे. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघून सुमारे चार तासांत पुणे आणि सायंकाळी सहाला परत, या एका गाडीने सोलापूरच्या किती घरांतील पुण्याचा मुक्काम वाचविला असेल! लक्ष्मी रोडवरील खरेदी, मोठ्या रुग्णालयातील तपासणी, मुलाच्या महाविद्यालयातील प्रवेश, करखात्यातील सुनावणी, या प्रत्येक कामामागे हॉटेलचे भाडे, बाहेरचे जेवण आणि दुकानाचा दुसरा दिवस वाचतो. दुकान एक दिवस बंद राहिले म्हणजे त्या दिवसाची विक्री तर जातेच. शिवाय जागेचे भाडे, नोकराचा पगार आणि कॅश क्रेडिटवरील व्याज मात्र चालूच राहते. हे तीन आकडे ज्याने स्वतःच्या वहीत मांडून पाहिले, त्याला वेळापत्रकाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

जैन कुटुंबांना या हिशेबात आणखी एक रकाना असतो. रात्रिभोजनत्याग वा चौविहार पाळणाऱ्यास गाडीची वेळ सूर्यास्ताशी ताडून पाहावी लागते. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा सहाच्या गाडीत बसण्यापूर्वीच भोजन उरकावे लागते. उन्हाळ्यात हाच सूर्यास्त सातच्या सुमारास होतो आणि डबा गाडीत उघडता येतो. मुंबईहून चारला निघणाऱ्या गाडीत बाराही महिने दिवसाउजेडी भोजन होऊ शकते. वंदे भारतच्या तिकिटात भोजन नको असल्यास तसा पर्याय असतो; प्रारंभीच्या भाड्यांत मुंबई–सोलापूर चेअर कारचे दर भोजनासह सुमारे १३०० आणि भोजनाविना सुमारे १००० रुपये होते. घरचा डबा नेणाऱ्या कुटुंबाने तिकीट काढताना हा पर्याय अवश्य पाहावा. चौघांच्या जाण्यायेण्यात तो फरक लहान राहत नाही.

दुसऱ्या रुळाने काय दिले

एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडण्यासाठी स्थानकात यावे लागते. एक गाडी साइडला लागते आणि दुसरी निघून जाईपर्यंत थांबते. भिगवणपासून पुढे कलबुर्गीपर्यंतचा एकेरी मार्ग दुहेरी करण्याचे काम अनेक वर्षे टप्प्याटप्प्याने चालले आणि २०२२ मध्ये भाळवणी–वाशिंबे हा अखेरचा टप्पा पूर्ण झाला. त्याच सुमारास विद्युतीकरणही पुरे झाले. या दोन गोष्टी झाल्या नसत्या, तर आजचे जलद वेळापत्रक अशक्य होते.

दुहेरी मार्गाने समोरच्या गाडीची वाट पाहणे संपविले. मागून येणाऱ्या गाडीला वाट देणे मात्र संपविले नाही. ताशी शंभरहून अधिक वेगाने येणाऱ्या गाडीपुढे प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडी असेल, तर संथ गाडीला कुठे तरी साइडला लागावेच लागते. मार्गावर जितक्या जलद गाड्या वाढतात, तितक्या वेळा संथ गाडी अडते. थोडक्यात, जलद गाडीतील प्रवाशाची जी मिनिटे वाचतात, त्यांतील काही मिनिटे मोहोळ–माढ्याच्या प्रवाशाच्या खात्यातून वर्ग झालेली असतात.

याच रुळांवर मालगाड्याही आहेत. होटगीजवळचे सिमेंट कारखाने आणि फताटेवाडीचे १३२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र यांचा माल आणि कोळसा याच मार्गाने येतो-जातो. २०२० च्या डिसेंबरात देशातील शंभरावी किसान रेल्वे जिल्ह्यातील सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली, हेही स्मरणात ठेवले पाहिजे. मालवाहतुकीतून रेल्वेला उत्पन्न मिळते आणि प्रवासी भाड्यातील तूट त्यातूनच भरून निघते. तेव्हा मालगाडीला अडथळा मानून चालणार नाही. जलद गाडी, संथ गाडी आणि मालगाडी या तिन्हींचे म्हणणे आपापल्या ठिकाणी खरे आहे. अनेकांताची शिकवण ज्या समाजाला बाळपणापासून मिळते, त्याला ही गोष्ट समजणे अवघड जाऊ नये. परंतु अनेकांताचाच दुसरा अर्थ असा की, ज्याचा आवाज क्षीण आहे त्याची बाजूही मांडली गेली पाहिजे.

नवी गाडी कोणाच्या जागी?

नव्या सेवेची घोषणा होते तेव्हा काय मिळाले हे सर्वांना दिसते. काय गेले, हे ज्याचे गेले त्यालाच कळते. याची तीन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत.

पहिले मुंबईचे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मध्य रेल्वेने वातानुकूलित लोकलच्या दहा फेऱ्या वाढविल्या. पण त्या साध्या लोकलच्या जागी आल्या. ज्यांच्याजवळ साध्या डब्याचा पास होता, त्यांची रोजची गाडी एकाएकी गेली. कळवा आणि बदलापूर येथे प्रवासी रुळांवर आणि स्थानकांत उतरले आणि आठवड्याभरातच त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. वातानुकूलित गाडी वाईट होती असे कोणी म्हणत नव्हते. ती जादा न येता बदली म्हणून आली, ही तक्रार होती.

दुसरे लातूरचे. बार्शी आणि कुर्डुवाडीवरून मुंबईस जाणारी लातूर एक्स्प्रेस २०१७ मध्ये काही दिवस बिदरपर्यंत नेण्याचे ठरले, तेव्हा लातूरकरांनी आंदोलन केले. बिदरला मुंबईची गाडी हवी होती, हे खरेच. परंतु डबे तेवढेच ठेवून अंतर वाढविले, की मधल्या स्थानकांची आसने घटतात. विस्तार हा शब्द कानाला गोड वाटतो. त्यासोबत जादा डबे किंवा जादा फेरी आहे काय, हे पाहिल्याखेरीज त्याचा आनंद मानू नये.

तिसरे उदाहरण सर्वांच्याच अनुभवाचे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि देशभरातील पॅसेंजर गाड्या थांबल्या. पुन्हा सुरू होताना त्यांतील अनेक गाड्या ‘विशेष’ किंवा एक्स्प्रेस म्हणून आल्या. किमान भाडे दहा रुपयांवरून तीस रुपयांवर गेले आणि कित्येक लहान थांबे गळाले. २०२४ च्या आरंभी किमान भाडे पुन्हा दहा रुपयांवर आणले गेले. तोपर्यंतच्या चार वर्षांत मात्र लहान गावच्या प्रवाशाने दुचाकी घेतली, वडाप धरली, किंवा शहरात खोली केली. एकदा मोडलेली सवय गाडी परत आल्याबरोबर परत येत नाही, आणि मग ‘प्रवासी नाहीत’ हेच गाडी कमी करण्याचे कारण होऊन बसते.

सोलापूरचे उपनगर

उपनगरी सेवा म्हटली की मुंबई डोळ्यांसमोर येते. पुण्यालाही लोणावळ्यापर्यंतची लोकल १९७८ पासून आहे. पुणे–दौंड मार्गाचे विद्युतीकरण झाल्यावर २०१७ च्या मार्चमध्ये तिथे डेमू आणि पुढे मेमू गाड्या आल्या. दौंडकरांची मागणी त्या मार्गाला उपनगरी दर्जा मिळावा अशी आहे. सोलापूरला उपनगरी सेवा मागणे आज कोणास अतिशयोक्त वाटेल. तथापि सोलापूरचे उपनगर नकाशावर आधीच आखलेले आहे, आणि ते रेल्वेच्याच एका नियमाने आखले आहे.

रेल्वेचा मासिक पास साधारणतः १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी मिळतो. सोलापूर–पुणे अंतर २६३ किलोमीटर. म्हणून पुण्याचा पास मिळत नाही. पण सोलापूर मध्यबिंदू धरून १५० किलोमीटरचा हिशेब केला, तर पश्चिमेस ७९ किलोमीटरवर कुर्डुवाडी आणि तिथून फुटणाऱ्या फाट्यांवर बार्शी व पंढरपूर. आग्नेयेस अक्कलकोट रोड, दुधनी आणि ११३ किलोमीटरवर कलबुर्गी. दक्षिणेस विजयपूर, अशी सर्व गावे त्यात येतात. सुमारे ८४ किलोमीटरचा सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा नवा मार्ग पूर्ण झाला म्हणजे चौथी दिशाही जोडली जाईल. हेच सोलापूरचे नैसर्गिक बाजारक्षेत्र आहे. दुधनीची तूर, बार्शीचे धान्य, पंढरपूरचा वारकरी, या साऱ्यांचा सोलापूरच्या पेठेशी नित्य संबंध आहे.

या क्षेत्रात ज्याची उणीव आहे, ती वेगाची नाही. कुर्डुवाडीहून सकाळी नऊच्या आत आणि कलबुर्गीकडूनही त्याच सुमारास सोलापुरात पोहोचणारी, सायंकाळी सहा-सातला परत नेणारी, सर्व स्थानकांवर थांबणारी आणि जिचा वेळ प्रवाशाने गृहीत धरावा अशी गाडी हवी आहे. मेमू गाडीला दोन्ही टोकांस चालकाची खोली असते. इंजिन फिरविण्याची गरज नसते. थांबून पुन्हा वेग घेणे तिला इंजिनाच्या गाडीपेक्षा लवकर साधते. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर अशी सेवा वाढविणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. जलद गाड्यांच्या मधल्या मोकळ्या वेळेत तिला जागा देणे, हा निर्णयाचा प्रश्न आहे.

ही सेवा मिळाल्यास कोणाचा लाभ होईल? माढ्याची मुलगी वसतिगृहाचा खर्च न करता सोलापुरात शिकू शकेल. मोहोळचा तरुण चाटी गल्लीतील पेढीवर नोकरी करील आणि रात्री घरी असेल. सोलापूरच्या दुकानदाराला गावाकडचे गिऱ्हाईक आठवड्यातून एकदा नव्हे, हवे तेव्हा येताना दिसेल. घरातील वृद्धांची डॉक्टरांकडची फेरी भाड्याच्या मोटारीवाचून होईल.

येथे पासाविषयी थोडी माहिती अप्रस्तुत होणार नाही. तिमाही पासाची किंमत मासिक पासाच्या २.७ पट असते, म्हणजे तीन महिन्यांचा प्रवास ठरलेला असेल तर तिमाही पास स्वस्त पडतो. घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत द्वितीय श्रेणीचा मासिक पास विनामूल्य मिळतो. त्यासाठी संस्थेचे प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२५ पासून रेल्वेने भाडे वाढविले, तेव्हाही उपनगरी भाडे आणि पास यांना हात लावला नाही. मात्र पास आरक्षित डब्यात चालत नाही आणि वंदे भारतसारख्या गाड्यांत तर त्याचा प्रश्नच येत नाही. म्हणूनच जितक्या सेवा केवळ आरक्षित डब्यांच्या होत जातील, तितकी पासधारकाची वाट अरुंद होत जाईल.

थांबा मिळतो कसा

लहान गावांतून थांब्यासाठी निवेदने जातात, लोकप्रतिनिधींच्या भेटी होतात, कधी रेल रोकोही होतो. त्यांचा उपयोग नाही असे नाही. परंतु रेल्वेचे प्रशासन शेवटी एक वही उघडून पाहते: त्या स्थानकावरून किती तिकिटे निघतात आणि उत्पन्न किती होते. थांबा दोन मिनिटांचा असला तरी गाडीने वेग कमी करणे आणि पुन्हा वेग घेणे यात आणखी काही मिनिटे आणि वीज खर्च होते. समजा एका थांब्यामागे पाच मिनिटे गेली, तर दहा थांब्यांनी गाडी पन्नास मिनिटे मागे पडते. म्हणून नवा थांबा बहुधा प्रायोगिक तत्त्वावर दिला जातो आणि काही महिन्यांनी तिकीटविक्री पाहून तो ठेवावयाचा की काढावयाचा, हे ठरते.

येथेच लहान गावांतील व्यापारी कुटुंबांकडून एक नुकसान नकळत होते. मोहोळचे कुटुंब मोटारीने सोलापुरास येते आणि पुण्याचे तिकीट सोलापूरपासून काढते. त्या प्रवासाची नोंद सोलापूरच्या नावे पडते. कोणी आरक्षण निश्चित मिळावे म्हणून दूरच्या स्थानकापासून तिकीट काढतो आणि मध्येच चढतो. कोणी गल्लीतील दुसऱ्याच्या तिकिटावर भागवतो, तर कोणी दोन स्थानकांपुरते तिकीटच काढत नाही. वर्षअखेरीस माढ्याच्या वा मोहोळच्या खात्यावर उलाढाल दिसत नाही, आणि मग प्रायोगिक थांबा गेला म्हणून सारे गाव हळहळते. बँकेत खाते उघडून त्यात व्यवहार न करणाऱ्यास कर्ज मागताना जी अडचण येते, तीच ही अडचण आहे. पत नोंदीवर ठरते. मनात कितीही सचोटी असली, तरी वहीत ती दिसावी लागते.

विनातिकीट प्रवास हा तर अचौर्य अणुव्रताचाच प्रश्न आहे. ज्या गोष्टीचे मोल आहे ती मोल न देता घेणे, मग ती दहा रुपयांची का असेना, व्रताच्या दृष्टीने चोरीच ठरते. यात रेल्वेचे दहा रुपये जातात त्याहून अधिक गावाचे जाते. त्या दहा रुपयांच्या तिकिटाने थांब्याच्या बाजूने जी साक्ष दिली असती, ती साक्षच नाहीशी होते.

तेव्हा प्रत्येक गावातील पंचायत, युवक मंडळ वा महिला मंडळ यांनी तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. प्रवास ज्या स्थानकापासून होतो, तिकीट त्याच स्थानकापासून काढावे. खिडकीवर रांग असेल तर मोबाइलवरील रेल्वेच्या ॲपवर काढावे. गावातील किती विद्यार्थी, नोकरदार आणि व्यापारी आठवड्यात किती दिवस, कोणत्या वेळेस, कोठे जातात, याची साधी यादी करावी. आणि ही यादी घेऊन विभागीय रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समितीतील सदस्यांना भेटावे. या समितीवर व्यापारी संघटनांचेही प्रतिनिधी असतात. ‘गाडी थांबवा’ एवढे म्हणणाऱ्या निवेदनापेक्षा ‘अमुक वेळेस एवढे प्रवासी नित्य आहेत’ असे सांगणारे एक पान अधिक परिणाम करते. यादी एका समाजापुरती ठेवू नये. गाडी साऱ्या गावाची असते आणि गावाची संख्या जितकी मोठी तितकी मागणी भक्कम.

सोलापूरच्या मोठ्या व्यापाऱ्यांवरही येथे एक जबाबदारी आहे. मुंबईची आणखी एक जलद गाडी मागताना त्यांनी त्याच पत्रात कुर्डुवाडी–सोलापूर–कलबुर्गी या पट्ट्यातील सकाळ-संध्याकाळच्या संथ गाडीचीही मागणी लिहावी. त्यांच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक आणि त्यांच्या पेढीवर राबणारा माणूस याच गाडीने येणार आहे. मधली गावे ओस पडली, तर शहराच्या पेठेला माल कोठून येणार आणि तो घेणार तरी कोण?

लहान गावातील अनेक घरांत आज एकच विचार चालू आहे: मुलाने दुकान सांभाळावे, की पुण्यास कायमचे जावे. या निर्णयात शिक्षण, विवाह, उत्पन्न अशी अनेक कारणे असतात आणि गाडीचे वेळापत्रक हे त्यांतील सर्वांत मोठे कारण नव्हे. परंतु इतर कारणे एखाद्या कुटुंबाच्या हाती नसताना, गाव मिळून बदलू शकेल असे हे एक कारण आहे. दुसरा रूळ सरकारी पैशाने, म्हणजे सर्वांच्याच पैशाने पडला आहे. मोहोळच्या, माढ्याच्या, दुधनीच्या स्थानकावरून पुढच्या प्रवासाला निघताना प्रत्येकाने आपले तिकीट तिथेच काढावे. त्या वहीत गावाचे नाव नियमित दिसू लागले, म्हणजे गाडी थांबविण्याची मागणी करण्याचा अधिकारही पक्का होईल.